गरोदर बाईला लोक जे बोलतात, त्याचं तिच्या मनात पुढे काय होतं?

टाचणवही

गरोदर बाया आणि त्यांच्या घरच्यांसाठी दीड तासाचं एक सत्र आखायचं आहे. आहार, तपासण्या, कळा कधी सुरू झाल्या म्हणायच्या, यावर साहित्य भरपूर आहे. अडलंय ते एका विषयावर: आजूबाजूच्या माणसांच्या वागण्याचा त्या बाईच्या मनावर होणारा परिणाम. छापील जे मिळतं ते 'आनंदी राहा, मनात चांगले विचार आणा' याच्या पुढे जात नाही. म्हणजे बोलणारे बाजूलाच राहतात आणि उपदेश पुन्हा बाईच्याच पदरात पडतो.

हवंय ते असं. कुठल्या बोलण्या-वागण्याने त्रास होतो आणि नेमका कसा होतो? पोट, वजन, तारीख यांवर जे शेरे मारले जातात त्यांना वैद्यकीय आधार किती? (आकडे द्या, म्हणजे कुणी वाद घातला तर समोर ठेवता येतील.) साधी नाराजी कुठे संपते आणि उपचार लागणारा आजार कुठे सुरू होतो? आणि घरचे, कामाची जागा, तपासणारे यांनी काय बदलायचं? स्वानुभव दुसऱ्या धाग्यावर आहेत, इथे थेट वापरता येईल असं लिहा.

---

आडवाट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पोट दिसायला लागलं की बाईकडे बघण्याची नजर बदलते, आणि ती एकाच वेळी दोन बाजूंना बदलते. १९७७ साली शेली टेलर आणि एलन लँगर या मानसशास्त्रज्ञांनी लिफ्टमध्ये एक साधा प्रयोग केला. पोट दिसणाऱ्या बाईपासून लोक जास्त अंतर राखून उभे राहत होते. पुढे २००७ साली मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना कृत्रिम पोट बांधून दुकानांत पाठवलं. गिऱ्हाईक म्हणून गेल्यावर त्यांना गरजेपेक्षा जास्त गोडवा मिळाला, अंगाला हातही लावला गेला. त्याच पोटाने नोकरी मागायला गेल्यावर मात्र लोक फटकून वागले. गोडवा आणि फटकून वागणं ही एकाच समजुतीची दोन रूपं आहेत: ही बाई आता नाजूक आहे, आणि तिची जागा ठरलेली आहे. ती जागा धरून राहिली तर लाड होतात, बाहेर पाऊल टाकलं तर तिला परत आत ढकललं जातं. सत्रात हे आधी सांगा, कारण 'आम्ही तर किती जपतो' असं म्हणणाऱ्या घरांना विषय आपला वाटतच नाही.

'आता तू दोन जिवांची आहेस' हे वाक्य घ्या. ते कधी बोललं जातं ते नीट ऐका. ती दमून बसली असताना क्वचित येतं. ती जिना चढताना, उशिरा जेवताना, बाहेर निघताना, एखाद्या गोष्टीला नाही म्हणताना येतं. म्हणजे दुसऱ्या जिवाचं नाव घेऊन पहिल्या जिवाला थांबवायला ते वापरलं जातं. दिवसातून पाच-सात वेळा वेगवेगळ्या तोंडांतून हेच ऐकलं की मनात एक हिशेब सुरू होतो: मला काय हवंय हे विचारण्याआधी 'चालेल का' हे विचारायचं. आठवड्या-पंधरवड्यात बाई स्वतःच्या भुकेवर, दमण्यावर, अंदाजावर विश्वास ठेवेनाशी होते. ती सारखी फोन करून विचारायला लागली की घरचे म्हणतात, 'फार घाबरट झालीय.'

त्रास देणाऱ्या वागण्याचे ठळक प्रकार मला असे दिसतात. न विचारता पोटाला हात लावणं. तिच्यादेखत तिच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं ('हिला झोप लागते का?'). तक्रार उडवून लावणं ('सगळ्यांनाच होतं, आम्ही नाही का काढली पोरं'). प्रसूतीच्या भयंकर हकीकती सांगणं. आणि मुलगा की मुलगी यावरून आशा-निराशा तिच्या अंगावर टाकणं. ते ठरतं बापाच्या शुक्रजंतूतून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून, आणि ठरलेलं असतं फलनाच्या क्षणीच.

सगळ्यांत घातक मात्र वरवर प्रेमळ वाटणारं वाक्य आहे: 'रडू नकोस, बाळावर परिणाम होईल.' याचं पुढे काय होतं ते पायरीपायरीने बघा. तिला वाईट वाटलेलं असतंच. आता वाईट वाटण्याचं भय त्यावर बसतं. मग आपण बाळाला इजा केली ही अपराधी भावना येते. ती सांगितली तर आणखी बोलणी बसतील म्हणून ती चेहरा नीट ठेवते. तपासणीला गेल्यावर 'सगळं ठीक ना?' याला 'हो' म्हणते. जिथे मदत मिळाली असती तो दरवाजा असा बंद होतो, आणि बंद करणारे तिचेच हितचिंतक असतात.

वस्तुस्थिती सरळ सांगा: रडण्याने, भांडण झाल्याने, दोन-चार दिवस उदास राहिल्याने बाळाला इजा होत नाही. लांबलेलं, तीव्र, उपचार न झालेलं नैराश्य आणि मुदतपूर्व प्रसूती किंवा कमी वजनाचं बाळ यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. पण म्हणूनच बाईला बोलू दिलं पाहिजे. गप्प करून ते नैराश्य जात नाही, फक्त दिसेनासं होतं.

---

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नावर. शेरा आणि त्याचं उत्तर असं लिहिते, ते तसंच फलकावर लावता येईल.

'पोट फारच लहान दिसतंय' / 'जुळी आहेत का?' बाहेरून दिसणाऱ्या पोटावरून बाळाची वाढ कळत नाही. पोट कसं दिसतं हे बाईची उंची, पोटाच्या स्नायूंचा ताण, कितवं बाळंतपण, बाळ कसं वळलंय आणि गर्भजल किती यांवर ठरतं. तपासणीत टेपने मोजतात ते जघनास्थीच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर. साधारण २४ आठवड्यांनंतर ते सेंटिमीटरमध्ये आठवड्यांच्या आकड्याजवळ येतं, २ सेंटिमीटर इकडे-तिकडे. २८व्या आठवड्याला २६ ते ३० हे अपेक्षित. मूत्राशय भरलेलं असेल तर मापात फरक पडतो, म्हणून आधी लघवीला जाऊन यायला सांगायचं. एका मापापेक्षा दोन-तीन भेटींतली चढती रेघ जास्त सांगते. ती रेघ अडली, तर सोनोग्राफी. तिथेही वजनाचा अंदाज खऱ्या वजनापेक्षा १०-१५ टक्क्यांनी चुकू शकतो. यंत्राचं हे असं, तर जिन्यात भेटलेल्या शेजारणीच्या अंदाजावर रात्र जागून काढण्यात काहीच अर्थ नाही.

'किती जाड झालीस' / 'खातेस की नाही?' किती वजन वाढावं हे गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ठरतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेले पल्ले बऱ्याच ठिकाणी वापरतात: बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, ३० किंवा जास्त असेल तर ५ ते ९. हे एका बाळासाठी, पूर्ण नऊ महिन्यांचं. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलोच, आणि उलट्या होत असतील तर तेवढंही नाही.

हे वजन जातं कुठे, ते घरच्यांना दाखवा, फार उपयोग होतो. साडेबारा किलो वाढले असं धरलं तर बाळ सुमारे ३.४ किलो, वार ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, वाढलेलं गर्भाशय जवळपास १ किलो, स्तन ४०० ग्रॅम, वाढलेलं रक्त सुमारे १.५ किलो, ऊतींतलं पाणी तेवढंच, आणि चरबी ३.३ किलोच्या आसपास. ही चरबी पुढे अंगावर पाजताना कामाला येणारी शिदोरी आहे. हा तक्ता बघितला की 'जाड' हा शब्द निम्म्या तोंडांतून आपोआप जातो.

'उलट्या सगळ्यांनाच होतात.' बहुतेकींना होतात हे खरं. चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होतात, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त, आणि बहुतेकींच्या १६ ते २० आठवड्यांपर्यंत थांबतात. पण काहींना जो होतो तो वेगळाच आजार आहे: पाणीही टिकत नाही, लघवी गडद आणि कमी होते, आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरतं. ५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलो कमी झालं तर थेट दवाखाना, कधी शिरेतून सलाईन. 'नखरे करतेय' या शेऱ्यामुळे हीच बाई उशिरा पोचते. तक्रार उडवून लावल्याने मनाबरोबर शरीरालाही इजा होते, याचं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

'अजून नाही झालं?' दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ ते ४२ आठवडे हा सगळा काळ नेहमीचा, आणि ४१ आठवड्यांनंतर पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. तारीख उलटल्यावर रोज दहा-बारा निरोप आले की बाईला आपण परीक्षेत मागे पडलो असं वाटतं. यावर चांगला उपाय म्हणजे सुरुवातीपासून तारीख कुणाला सांगायचीच नाही. 'अमुक महिन्याच्या शेवटी-शेवटी' एवढंच सांगायचं, आणि पंधरवडा पुढचा धरून.

आणि एक, ज्यावर हळू आवाजात बोललं जातं. आपोआप गर्भपात झालेल्या बाईला 'जड उचललं असशील', 'प्रवास केलास ना', 'फार चिडचिड करायचीस' असं म्हटलं जातं. पहिल्या तीन महिन्यांतल्या अशा गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडाने होतात, आणि तो बिघाड बहुतेकदा फलनाच्या वेळीच किंवा त्याआधी झालेला असतो. घरातल्या रोजच्या कामाने, भांडणाने, कुणाच्या नजरेने तो होत नाही. हा आरोप एकदा मनात रुजला की पुढच्या गरोदरपणाचा प्रत्येक दिवस ती शिक्षा भोगल्यासारखा काढते. पुढच्या खेपेला 'आता कशाला घाबरतेस' म्हणू नका. मागचा गर्भ गेला तो आठवडा पार होईपर्यंत भीती राहणारच. त्या आठवड्याच्या आसपास तपासणी ठेवली तर तिला आधार होतो.

---

साधा_प्रश्न

सगळं पटलं, पण एक शंका. मोठी माणसं बोलतात ती काळजीपोटी. इतके नियम सांगितले तर लोक बोलायचेच थांबतील. मग बाई आणखी एकटी पडणार नाही का?

---

आडवाट

शंका रास्त आहे. एकटेपणा हाही तितकाच मोठा धोका आहे, आणि बोलणं थांबवणं हा हेतू नाही.

फरक ओळखायची एक सोपी खूण सांगतो: वाक्य संपल्यावर निर्णय कुणाच्या हातात राहतो ते बघा. 'जिना चढू नकोस' यात निर्णय बोलणाऱ्याने घेतला. 'वर जायचंय का? पिशवी मी घेतो' यात काळजी तेवढीच आहे, निर्णय तिच्याकडे राहिला, वर ओझंही हलकं झालं. 'रडू नकोस' ऐवजी 'काय झालं? बसू का जवळ?' 'आम्ही काय काय काढलं' ऐवजी 'तुला कशाची धास्ती वाटते?' पोटाला हात लावायचा असेल तर 'लावू का?' म्हणून हात मागेच ठेवायचा. हात पुढे करून विचारलं तर नाही म्हणणं अवघड जातं.

प्रसूतीच्या हकीकतींबद्दल मी जरा कडक आहे. प्रसूतीची तीव्र भीती ही ओळखली गेलेली अवस्था आहे. २०००च्या सुमारास तिला टोकोफोबिया हे नाव मिळालं. अशा बाया तपासण्या टाळतात, किंवा वैद्यकीय कारण नसताना सिझेरियनच मागतात. ऐकीव हकीकती हे या भीतीमागचं एकच कारण नव्हे, पण आधीच घाबरलेल्या मनाला त्या नेमकं चित्र पुरवतात. म्हणून नियम साधा ठेवा: तिने विचारलं तरच सांगायचं, आणि सांगायचं तर पुढे काय उपाय झाला तेही पूर्ण सांगायचं. अर्धवट सोडलेली हकीकत सर्वांत वाईट.

बाहेरच्या तोंडांसाठी जोडीदाराने चाळणी व्हायचं. त्याच्या नात्यातल्यांना तो उत्तर देईल, तिच्या नात्यातल्यांना हवं तर ती. एकच वाक्य ठरवून ठेवायचं: 'डॉक्टरांनी सांगितलंय तसं चाललंय, वेगळं काही लागलं तर तुम्हाला नक्की विचारू.' आवाज न चढवता, दरवेळी तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत बहुतेक माणसं थांबतात. इथे एक नेहमी चुकतं: जोडीदार बाहेर बाजू घेतो आणि घरात आल्यावर 'त्यांचं मनावर घेऊ नकोस' म्हणतो. म्हणजे तिला त्रास झाला हेच पुसून टाकतो. आधी 'ते बोलणं लागण्यासारखंच होतं' हे म्हणायचं. पुढचं मग.

---

कामकाज

कामाच्या जागेबद्दल थोडं.

इथे उघड भेदभावाइतकंच नुकसान 'तुझ्या भल्यासाठी' काढून घेतलेल्या कामाने होतं. बातमी कळल्यावर तिला न विचारता महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे जातं, बैठकीला बोलावणं बंद होतं, प्रशिक्षणाच्या यादीतून नाव गळतं. कुणी वाईट बोललेलं नसतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नसते. बाईला कळतं ते एवढंच की आपण अजून इथे आहोत, पण लोकांनी आपल्याला गेलेलं धरलंय. नोकरीसाठी अर्ज केलेल्यांत हा कल मोजला गेला आहे: शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की गुणवत्ता सारखी असताना आई असलेल्या अर्जदार बायांना कमी पसंती मिळते, बाप असलेल्या पुरुषांना मात्र तसा तोटा होत नाही.

वरिष्ठाने पहिल्या भेटीत चार गोष्टी विचाराव्यात आणि त्याच दिवशी लिहून तिच्याकडून तपासून घ्याव्यात. ही बातमी कुणाला, कधी सांगायची, आणि तू सांगणार की मी? सध्याच्या कामातलं काय तसंच ठेवायचं, काय बदलायचं? शरीराला जड जाणारं काय आहे: उभं राहणं, रात्रपाळी, रसायनं, वजन उचलणं, लांबचा प्रवास? तपासण्यांचे दिवस कोणते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणात किमान ८ भेटी सुचवल्या आहेत. तेव्हा दर वेळी रजेसाठी नव्याने विनवणी करायला लागू नये, तारखा आधीच मांडून ठेवाव्यात.

रसायनं, किरणोत्सर्ग अशा ठिकाणी पद्धत उलटी: आधी धोका थांबवायचा, मग बसून बोलायचं. इथे तिच्या होकाराची वाट बघायची नाही, पण कामाचा दर्जा आणि पगार कमी न करता पर्याय देणं ही मालकाची जबाबदारी. हा फरक समजला नाही की एकतर सगळंच काढून घेतलं जातं, किंवा काहीच बदलत नाही.

लघवीला वारंवार जावं लागणं ही बारीक गोष्ट वाटते, पण शेरे सर्वांत जास्त यावरच होतात. मग बाया पाणी कमी पितात, आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. तिची बसायची जागा स्वच्छतागृहाजवळ करा आणि तो विषय तिथेच मिटवा.

काम दुसऱ्याकडे सोपवणं रजेच्या साधारण १० आठवडे आधी सुरू करावं, कारण बाळ लवकरही येऊ शकतं. त्याच कागदावर ती परतल्यावर कुठलं काम तिच्याकडे येणार हेही लिहावं. त्या एका ओळीने तिच्या मनावरचं ओझं केवढं उतरतं, ते लिहून देणाऱ्याला सहसा ठाऊकच नसतं.

---

उंबरठा

तिसऱ्या प्रश्नासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात गरोदर बायांपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारातून जातात, त्यात नैराश्य मुख्य. विकसनशील देशांत हे आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. म्हणजे वीस जणींच्या गटात दोन-तीन जणी असणारच, हे धरूनच सत्र घ्या.

रेघ कुठे? मन दिवसातून वर-खाली होणं, कुणी बोललं म्हणून रडू येणं, पण आवडीची गोष्ट समोर आली की खुलणं, हे नेहमीचं. दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ उदास, कशातच गोडी नाही, स्वतःला नालायक समजणं, सतत धास्ती, हे आजाराकडे झुकलेलं. झोप, भूक, थकवा यांवरून ठरवू नका, ते गरोदरपणाने बदलतातच.

याच कारणाने एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मापनी उपयोगी पडते. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी १९८७ साली ती तयार केली. नाव प्रसूतीनंतरचं असलं तरी गरोदरपणातही वापरतात. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०. शारीरिक लक्षणं मुद्दाम जवळपास वगळली आहेत. १० किंवा जास्त आले तर नीट बोलायचं आणि दोन-चार आठवड्यांत पुन्हा मोजायचं. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच खोलीत, तिला एकटीला बसवून विचारायचं. ही मापनी निदान करत नाही, पुढे कुणाला तपासायचं एवढंच सांगते.

मापनीच्या तिसऱ्या प्रश्नापाशी एक खाच आहे. त्यात विचारतात की गोष्टी बिघडल्या तर तुम्ही विनाकारण स्वतःला दोष देता का. जिला घरादाराने 'तुझ्यामुळेच' हे पटवून दिलंय ती 'विनाकारण' या शब्दावर अडते. तिच्या मते कारण आहे! ती 'नाही' लिहिते आणि गुण कमी पडतात. म्हणून भरलेल्या कागदावर थांबू नये. 'कशाबद्दल स्वतःला बोल लावता?' असं तोंडी विचारावं. ३, ४ आणि ५ या तीन प्रश्नांची बेरीज वेगळी बघावी, त्यातून चिंतेचा अंदाज येतो.

उपचारांबद्दलची समाजाची भूमिका हाही याच धाग्याचा भाग. आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला 'बाळासाठी बंद कर' म्हणतात आणि ती एका दिवसात बंद करते. आजार उलटण्याची भीती त्यातच असते. बदल करायचा तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने. सौम्य ते मध्यम त्रासात बोलण्यावर आधारलेले उपचार चांगले चालतात, आणि ते द्यायला दरवेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावच्या आरोग्य सेविकांनी घरी जाऊन १६ भेटींत असा उपचार दिला, पहिल्या भेटी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नैराश्य राहिलेल्या मातांचं प्रमाण या गटात २३ टक्के होतं, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. त्या भेटींत घरच्यांनाही सोबत घेतलं जात होतं, हे तुमच्या सत्रासाठी महत्त्वाचं.

प्रसूतीनंतरचं दोन ओळींत: दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. पण झोपच न लागणं, भ्रम, कुणी बाळाचा घात करणार अशी पक्की समजूत, असं हजारात एक-दोघींना होतं. ती तातडीची वेळ, रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा.

---

मोजपट्टी

तपासणाऱ्यांबद्दल राहिलं होतं. बाईला उद्देशून बोला, सोबत आलेल्याला नव्हे. पोटाला हात लावण्याआधी काय करणार, कशासाठी, हे सांगून विचारा. हात कोमट करा, पडदा ओढा, 'थांबा' म्हटलं की थांबा. आकडा पुटपुटू नका. 'हम्म, लहानच आहे' हे शब्द पुढच्या भेटीपर्यंत महिनाभर घरात फिरतात. 'आज २७ सेंटिमीटर, २८व्या आठवड्याला हे ठीक आहे' एवढं पूर्ण वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्यावं ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस आहे, आणि दवाखान्यातली अपमानास्पद वागणूक हा हक्कांचा भंग असल्याचं संघटनेने २०१४ सालीच स्पष्ट केलंय. आणि प्रत्येक भेटीत पाच मिनिटं तरी बाई एकटी भेटली पाहिजे. घरात मारहाण होत असेल तर ती दुसऱ्या कुणासमोर सांगणार नाही.

---

टाचणवही

सर्वांचे आभार, हे बरंच पुरेल. शेवटचं एक: सत्रात घरचे आणि बाया एकत्र बसवू की वेगळे? आणि मापनी तिथेच भरून घेऊ का?

---

उंबरठा

पहिली ४० मिनिटं एकत्र: वजनाचा तक्ता, तारखेचा आकडा, शेरे आणि त्यांची उत्तरं. आकडे ऐकताना कुणालाच आरोप झाल्यासारखं वाटत नाही. मग ३० मिनिटं वेगळे. घरच्यांना वाक्यं बदलून बोलायचा सराव द्या, जोड्या करून, प्रत्येकी तीन वाक्यं, मोठ्याने. बायांकडे एकच प्रश्न: या आठवड्यात कुठलं बोलणं डोक्यातून गेलं नाही? नावं घ्यायची नाहीत, आणि तिथलं तिथेच राहील हे आधी सांगायचं. शेवटची २० मिनिटं पुन्हा एकत्र, पण बायांनी सांगितलेलं काहीही घरच्यांसमोर उघड करायचं नाही.

मापनी गटात भरून घेऊ नका. शेजारी सासू, आई किंवा नवरा असताना आलेली उत्तरं निरुपयोगी, आणि दहाव्या प्रश्नाला 'हो' आलं तर तिथे सांभाळायला कुणी नसेल. ती तपासणीच्या दिवशी, वेगळ्या खोलीत, पाच मिनिटांत होते. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, नातेवाइकांकडून वाचून घेऊ नका. सत्राआधी एवढं मात्र पक्कं करा: १३ किंवा जास्त गुण आलेल्या बाईला त्याच आठवड्यात कुणाकडे पाठवायचं, त्यांची बसायची वेळ काय, आणि पहिल्या खेपेला तिच्यासोबत कोण जाणार.